आपले व्रत आणि शेजाऱ्याचा श्वास

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे घरोघरी कांद्याची भजी तळली जातात, वांग्याचे भरीत होते, लसणाची चटणी वाटली जाते. लोक या दिवसाला कौतुकाने 'कांदेनवमी' म्हणतात. दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी येते आणि चातुर्मासाला प्रारंभ होतो. जे चार महिने वर्ज्य करावयाचे, त्याचा आधी मनसोक्त निरोप घ्यावयाचा, अशी ही रसिक आणि समजूतदार परंपरा आहे. कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी वांगे सोडतो, कुणी एकभुक्त राहतो, तर कुणी गोड पदार्थ वर्ज्य करतो. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याने तर मद्य-मांसाचा त्याग आयुष्यभरासाठी केलेला असतो.

या सर्व नियमांत एक गोष्ट समान आहे. संकल्पातील क्रियापद नेहमी प्रथमपुरुषी असते. 'मी खाणार नाही', 'मी घेणार नाही' असे व्रतस्थ म्हणतो. 'शेजाऱ्याने खाऊ नये' असा संकल्प कोणत्याही व्रतात सोडला जात नाही. व्रत हे मनुष्याने स्वतःच्या इच्छेला स्वतः घातलेले कुंपण आहे, आणि ते स्वतः घातलेले आहे म्हणूनच त्याला पुण्य आहे. दुसऱ्याने लादलेला उपवास ही केवळ उपासमार होय.

परंतु मनुष्य एकटा राहत नाही. त्याची आवड, त्याचे व्यसन आणि त्याचे ताट ही तिन्ही चारचौघांत वावरतात. म्हणून प्रश्न उद्भवतो, की माझ्या आवडीनिवडीचे स्वातंत्र्य कोठे संपते आणि दुसऱ्याचा विचार करण्याचे माझे कर्तव्य कोठे सुरू होते? आजच्या पवित्र दिवशी या प्रश्नाचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. एक उदाहरण विडी-सिगारेटच्या धुराचे, दुसरे ताटातील अन्नाचे. वादविवादात ही दोन्ही एकाच पारड्यात टाकली जातात. 'तुम्ही आमच्या सिगारेटला नावे ठेवता, मग आम्ही तुमच्या मटणाला का ठेवू नयेत?' असा सवाल नेहमी ऐकू येतो. वास्तविक या दोन गोष्टींची जात वेगळी आहे, आणि हा भेद नीट ध्यानात घेतला तर पुष्कळसे भांडण आपोआप मिटते.

धुराला उंबरठा नसतो

विडी ओढणारा म्हणतो, 'माझे शरीर, माझा पैसा, माझे सुख.' पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पण धूर त्याच्या शरीरात थांबत नाही. तो माजघरात जातो, पाळण्यापर्यंत जातो आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी प्रवाशाच्या छातीत जातो. ज्याने विडी ओढली नाही, त्याच्याही वाट्याला विडी येते.

ही केवळ नाजूक प्रकृतीच्या माणसांची तक्रार नव्हे. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित स्त्रियांची १४ वर्षे पाहणी केली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती भरपूर सिगारेट ओढत होते, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. त्या काळी यावर मोठा वाद माजला. पण नंतरच्या संशोधनाने मूळ निष्कर्ष पक्का केला. दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. त्या माणसांनी कोणते सुख भोगले होते, की त्याची अशी किंमत त्यांनी मोजावी?

आपल्या देशात या अन्यायाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारा माणूस महाराष्ट्रातला होता. मुंबईचे एकेकाळचे महापौर आणि खासदार मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. जो धूम्रपान करीत नाही त्याला दुसऱ्याच्या धुरामुळे व्याधी जडत असेल, तर त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्कावरच ते आक्रमण आहे, असा त्यामागील विचार होता. पुढे २००३ मध्ये संसदेने तंबाखूविषयक कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे अधिक स्पष्ट नियम अमलात आले. या कायद्याचा विवेक पाहण्याजोगा आहे. त्याने प्रौढ माणसाला विडी ओढण्यास बंदी केली नाही. दुसऱ्याच्या श्वासात ती मिसळण्यास बंदी केली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर एक समाधानाची गोष्ट आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के आढळले. देशाचे प्रमाण १०.७ टक्के होते. परंतु या समाधानाला लगेच गालबोट लागते. तंबाखू चघळणाऱ्या, मळणाऱ्या, मिश्री लावणाऱ्यांचे प्रमाण याच पाहणीत २४.४ टक्के होते. म्हणजे मराठी माणसाने धूर कमी केला, पण पिंक सोडली नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी एस. टी. स्थानकाचे कोपरे, जिन्यांच्या भिंती आणि देवळाच्या मागची बाजू काय सांगते, ते सर्वांना दिसते.

तंबाखू खाणारा म्हणेल, की माझा धूर तर कुणाच्या नाकात जात नाही. खरे आहे. पण त्याची पिंक कोणीतरी पुसतो. तो हात बहुधा सफाई कामगाराचा असतो, आणि त्या हाताने ही सेवा कधी स्वखुशीने पत्करलेली नसते. दिंडी मुक्काम हलवून पुढे जाते, यात्रा पांगते, आणि मागे राहिलेली घाण गोळा करणारी माणसे त्याच गावची गरीब माणसे असतात. गाडगेबाबांनी हयातभर हातात खराटा धरला तो याचसाठी. आधी दिवसभर गाव झाडावयाचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम होता. घाण करणाऱ्याचे स्वातंत्र्य झाडणाऱ्याच्या पाठीवर उभे असते, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मर्यादा कोणासाठी पाळतो?

आपल्या खेडोपाडी एक जुनी रीत आहे. मुलगा चाळिशीचा झाला तरी वडिलांसमोर विडी शिलगावत नाही. सासरा ओसरीवर आला की जावई हातातली सिगारेट विझवितो. शिक्षक समोरून येताना दिसले की पानाच्या टपरीवरची पोरे पाठ फिरवितात. याला आपण 'मर्यादा' म्हणतो, आणि ती निःसंशय सुंदर गोष्ट आहे. इच्छा असूनही दुसऱ्याच्या मानासाठी हात आवरता येतो, हे तिने सिद्ध केले आहे. 'तल्लफ आली की माझा इलाज चालत नाही' असे म्हणणाऱ्याचा इलाज वडील समोर असताना चांगला चालतो!

पण हीच मर्यादा जरा निरखून पाहावी. ती वयाने मोठ्या माणसाला पाहून पाळली जाते. जो बाप आपल्या वडिलांसमोर विडी ओढत नाही, तोच आपल्या सहा महिन्यांच्या लेकराला मांडीवर घेऊन निःशंकपणे ओढतो. गर्भार सून स्वयंपाकघरात असते आणि ओसरीवरचा धूर आत जात असतो. तिने बोलावे तर तीच अमर्याद ठरते. ज्या वृद्धासमोर आपण विडी लपवितो त्याला तिने अपमान वाटेल. ज्या बालकासमोर लपवीत नाही त्याचे तर फुप्फुसच अजून वाढते आहे. आदर वर पाहतो आणि हानी खाली उतरते. म्हणून आपल्या मर्यादेची दिशा थोडी बदलली पाहिजे. जो मान आपण थोरांना देतो, तोच ज्याला बोलता येत नाही त्या लहानग्यालाही दिला पाहिजे. नवा संस्कार घडविण्याची गरज नाही; आहे तोच संस्कार पाळण्यापर्यंत पोहोचवावयाचा आहे.

ताटाला मात्र कड असते

आता अन्नाकडे वळू. शेजाऱ्याने आपल्या घरात मासळी शिजविली, तर तिचा वास माझ्या नाकाला झोंबेल, कदाचित माझे मन विटेल. पण माझे शरीर रोगट होत नाही, माझे व्रत मोडत नाही. व्रत माझ्या जिभेवर असते, शेजाऱ्याच्या चुलीवर नसते. धूर सीमा ओलांडतो. ताट आपल्या कडेत राहते. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला 'बाहेर जा' म्हणण्याचा जो अधिकार मला आहे, तो जेवणाऱ्याला 'हे खाऊ नकोस' म्हणण्याचा नाही.

यात आपल्या समाजाच्या इतिहासाची एक जखमही आहे. या देशात 'तो काय खातो' हा प्रश्न साधा कधीच नव्हता. तो 'त्याला शिवावे की नाही' या प्रश्नाचा दुसरा चेहरा होता. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर २०१५ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. पंगतीत बसताना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजाने कोणाचे अन्न ब्रह्माबाहेर ठेवले होते, हे त्या एका अक्षराने सांगितले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर जे मिळेल त्यावर जगावे लागले, त्यांच्या वंशजाला आज कोणी ताटावरून नाक मुरडून दाखविले, तर ती केवळ आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही. सोवळ्याचा तो जुना दंडा त्याच्या पाठीवर पुन्हा बसतो.

शिकल्या-सवरलेल्यांचीही यातून सुटका नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.त वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही मेजे शाकाहाऱ्यांसाठी राखीव ठेवण्यात आली. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा दंडापर्यंत प्रकरण गेले. मुंबईत मांसाहारी कुटुंबाला घर नाकारले गेल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. शाकाहारी माणसाची अडचण खोटी असते असे मुळीच नाही. ज्याने जन्मात मांस पाहिले नाही, त्याला शेजारच्या ताटातले हाड पाहून मळमळते. ती मळमळ ढोंगी नसते. तिचा विचार झालाच पाहिजे. पण विचार करण्याच्या दोन रीती आहेत. त्याच्यासाठी वेगळी पळी, वेगळे पातेले ठेवणे ही एक; समोरच्या माणसासाठी वेगळी पंगत मांडणे ही दुसरी. पळी वेगळी असावी, पंगत वेगळी नसावी. पहिल्याला सौजन्य म्हणतात; दुसऱ्याला आपल्या संतांनी काय म्हटले ते वारकऱ्याला सांगावयाची गरज नाही. श्राद्धासाठी रांधलेले अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढणाऱ्या पैठणच्या नाथांची कथा आपण दरवर्षी कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. डोळे पुसून झाल्यावर ती कथा आपल्या जेवणघरापर्यंत यावयास हवी.

मग सणासुदीला मांसविक्री बंद ठेवण्याचे काय? येथे न्यायालयांनीही एकाच सूत्राने निर्णय दिलेले नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. जैनांच्या पर्युषणपर्वात अहमदाबादचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविला. थोड्या दिवसांची बंदी ही दुसऱ्याच्या भावनेसाठी सोसता येण्याजोगी अडचण आहे, असे मानले. उलट २०१५ मध्ये मुंबईत पर्युषणकाळात मांसविक्रीवर बंदी आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीबंदीला स्थगिती दिली. कायद्याचा हा लंबक असाच हलत राहील. खाटकाचेही पोट असते, त्याच्याही घरी चूल पेटवावयाची असते; त्याचा एक दिवसाचा धंदा बुडतो तेव्हा त्या पुण्याचा खर्च तो एकटा करतो, हेही विसरता कामा नये. त्याच वेळी खाटकानेही ध्यानात ठेवावे, की दुकानाच्या पुढे वाहणारे रक्त, उघड्यावर फेकलेली पिसे आणि आतडी ही आहाराच्या स्वातंत्र्यात मोडत नाहीत. ती धुरासारखीच आहेत. त्यांनी ताटाची कड ओलांडलेली आहे.

एक तिथी, दोन पंचांगे

जे हुकमाने नीट साधत नाही ते स्वखुशीने किती सहज साधते, याचे उदाहरण आपण अलीकडेच पाहिले आहे. हिंदू आणि मुस्लीम या दोन्ही पंचांगांतील महिने चंद्रावर चालतात. अमावास्येनंतर चंद्रकोर बहुधा द्वितीयेच्या सुमारास दिसते आणि तेथून मुस्लीम महिना मोजला जातो. म्हणून त्यांची दहावी तारीख पुष्कळदा आपल्या एकादशीला येते. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. एका घरात निर्जळी उपवास, दुसऱ्या घरात कुर्बानी. भांडण उकरून काढू पाहणाऱ्याला याहून सोयीचा दिवस मिळाला नसता.

घडले ते वेगळेच. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरासह महाराष्ट्रातील अनेक गावांत मुस्लीम बांधवांनी आपणहून ठरविले, की नमाज त्या दिवशी होईल, पण कुर्बानी पुढच्या दिवशी. धर्माने त्यांना ही मुभा दिलेली आहेच. कुर्बानी ईदच्या दिवशी अथवा त्यानंतरच्या दोन दिवसांत देता येते. त्यांनी धर्म सोडला नाही. धर्माने दिलेल्या सवडीतून शेजाऱ्यासाठी जागा काढली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतील मुस्लीम समाजाने मिरवणूक एक दिवस पुढे नेली.

या सौजन्याची थोरवी ते ऐच्छिक असण्यात आहे. उद्या कोणी दंडुका घेऊन 'आज कापू नका' म्हणू लागला, तर तीच गोष्ट घडेल, पण तिच्यातील प्रेम नाहीसे होईल आणि अढी राहील. आणि सौजन्य घेणाऱ्यावर एक ऋण चढते, ते फेडावयाचे असते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी आषाढी एकादशी मोहरमच्या दहाव्या तारखेलाच आली. त्या दिवशी अनेक मुसलमानही रोजा ठेवतात. एका गल्लीत दोन उपवास होते. अशा दिवशी आपली मिरवणूक, आपला ध्वनिक्षेपक, आपले फटाके शेजाऱ्याच्या शोकाला कितपत सांभाळून घेतात, हा हिशेब आपलाही आहे. दरवेळी एकाच बाजूने सरकावयाचे असेल, तर त्याला समजूतदारपणा म्हणता येणार नाही.

नांदेडची पंगत

या भागातील माणसाला हा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडला श्रीहुजूरसाहिब आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्याच ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची पदे आहेत. नामदेवांची नरसी येथून फारशी दूर नाही. खालसाला तंबाखू पूर्णपणे निषिद्ध आहे. आहाराच्या बाबतीत मात्र शीख समाजात मांस खाणारे आहेत आणि न खाणारेही आहेत. तरी लंगरमध्ये जे वाढले जाते ते शाकाहारी असते. हेतू असा, की कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा मनुष्य आला तरी त्याला निःसंकोचपणे मांडी घालून बसता यावे. सर्वांना चालेल ते सर्वांच्या पानात वाढले जाते. घरी जाऊन कोण काय खातो, याची चौकशी लंगरमध्ये होत नाही.

आपल्याला हवे असलेले सूत्र हेच होय. जेथे सर्वांचे पान एकत्र मांडले जाते, त्या सामाईक जागी सर्वांत जास्त नियम पाळणाऱ्याला अडचण होणार नाही असे वागावे. जेथे दार आपले आहे, तेथे ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे वागावे. आणि पाहुण्याशी प्रामाणिक राहावे. जो खात नाही त्याला फसवून खाऊ घालणे, मग ते माळकऱ्याला मांसाचा रस्सा असो वा रोजेदाराला दिवसाउजेडी आग्रहाचा चहा, ही थट्टा नसून विश्वासघात आहे.

अर्धापूरच्या केशवराजाच्या दर्शनाला आज रीघ लागेल. फराळाच्या ताटात साबुदाणा असेल, भगर असेल आणि याच मातीतली केळी असतील. अर्धापूरच्या केळीने या तालुक्याचे नाव दूरवर नेले आहे. हेच केळ एकादशीच्या उपवासाला चालते, रमजानमध्ये रोजा सोडताना खजुराशेजारी तेच ठेवलेले असते, आणि दाभडच्या धम्म परिषदेला निघालेल्या उपासकाच्या पिशवीतही ते असू शकते. बागायतदार गिऱ्हाइकाला त्याचे व्रत विचारीत नाही.

वाचकहो, चातुर्मासाचा संकल्प आज सोडावयाचा आहे. कांदा सोडा, वांगे सोडा. त्यात काहीच गैर नाही. पण ज्यांच्या खिशात विडीचे बंडल वा तंबाखूची पुडी असेल, त्यांनी यंदा निदान एवढे ठरवावे, की घराच्या छपराखाली, मुलांच्या आणि गर्भार लेकी-सुनांच्या जवळ ती शिलगावणार नाही आणि रस्त्यावर थुंकणार नाही. चार महिने जमले तर कार्तिकी एकादशीला पारण्याची घाई करू नये. आणि ज्यांना कोणतेच व्यसन नाही, त्यांनी चार महिने शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहणे सोडावे. कांदा सोडण्याहून हे व्रत पुष्कळ अवघड आहे.